‘आई, प्लस करू का मायनस?’ (तिसरीची शाब्दिक उदाहरणं, मदत हवी)

सायीचं_दही (सोमवार, रात्री १०:४२)

मुलगा तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. नुसती गणितं दिली तर उसना-बिसना घेऊन तीन आकडी वजाबाकी व्यवस्थित करतो, हस्ताक्षर पण बरं असतं तेव्हा. पण तीच वजाबाकी गोष्टीत घालून दिली की संपलं. उदाहरण वाचतच नाही, नजर थेट आकड्यांवर जाते आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो, "आई, प्लस करू का मायनस?" मी भुवई जरा वर केली की लगेच "बरं बरं, मायनस". म्हणजे तो उदाहरण माझ्या चेहऱ्यावरून सोडवतो असं माझ्या आत्ता लक्षात आलंय.

ट्यूशनच्या बाईंनी एक तक्ता दिलाय. टोटल, ऑल्टुगेदर, मोअर = बेरीज. लेफ्ट, लेस = वजाबाकी. ईच = गुणाकार. शेअर = भागाकार. तो मी हौसेने लॅमिनेट करून फ्रिजवर लावला, चाळीस रुपये घालून. आणि काल हे उदाहरण आलं (मी मराठीत लिहिते) -

रियाकडे १५ रिबिनी आहेत. त्या मीनाच्या रिबिनींपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती रिबिनी?

पठ्ठ्याने फ्रिजकडे पाहिलं, "मोअर आहे", आणि लिहिलं २१. मी म्हटलं अरे रियाकडे जास्त आहेत ना, मग मीनाकडे २१ कशा? तर म्हणे "पण तक्त्यात मोअर म्हणजे प्लस आहे." यावर काय बोलणार. मग मी ओरडले, तो रडला, सासूबाईंनी त्याला बेसनाचा लाडू दिला आणि मला "तू जरा हळू बोल" हे दिलं.

कोणाकडे काही उपाय आहे का? अ‍ॅप नको, अ‍ॅप तीन आहेत.

---

पेरूची_फोड (सोमवार, रात्री ११:०५)

आमच्याकडे चौथीत आहे आणि अगदी हेच. फक्त आमच्याकडे "मम्मा, टाइम्स करू?" असं असतं. वाचते आहे, कोणी सांगितलं तर मला पण कळवा.

---

फळा_खडू (मंगळवार, सकाळी ६:२०)

ताई, पहिलं काम, तो तक्ता फ्रिजवरून काढा. चाळीस रुपये गेले समजा.

मी जिल्हा परिषद शाळेत एकोणीस वर्षं शिकवतोय, सध्या चौथीचा वर्ग आहे. हा तक्ता मीही पहिली पाच-सहा वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो. तोटा असा की तो दहातल्या सात वेळा बरोबर चालतो. म्हणून पोराचा त्याच्यावर विश्वास बसतो आणि मग तो वाचणं सोडून देतो. कशाला वाचेल, एक शब्द हुडकला की काम होतंय. तुमच्या मुलाने चूक नाही केली, त्याला सांगितलं तेच केलं.

मी काय करतो ते सांगतो. आकडे काढून टाकतो. म्हणजे असं सांगतो, "रियाकडे काही रिबिनी आहेत. मीनापेक्षा जास्त आहेत. कोणाकडे कमी?" पोरं लगेच सांगतात मीनाकडे. "मग उत्तर रियाच्या आकड्यापेक्षा मोठं येणार का लहान?" लहान. एवढं झालं की मगच आकडे द्यायचे. आता १५ आणि ६ दिल्यावर २१ लिहिणारं पोर स्वतःच थांबतं, कारण त्याने आधीच कबूल केलंय की लहान येणार.

दुसरं, चित्र. रिबिनी काढत बसायच्या नाहीत, नाहीतर एक पोरगी पंधरा रिबिनींना फुलं काढत बसते आणि तास संपतो (अनुभव आहे). नुसत्या दोन पट्ट्या.

रिया |=========|======|
मीना |=========|

वरची अख्खी पट्टी १५, जास्तीचा तुकडा ६. खालची किती? सांगायची गरज पडत नाही.

तिसरं, हे मोठ्यांच्या पण लक्षात येत नाही. वजाबाकीचं चिन्ह एक असलं तरी गोष्टी तीन प्रकारच्या असतात. १३ पेरू होते, ८ खाल्ले, किती उरले. माझ्याकडे १३ आणि तुझ्याकडे ८, तर कितीने जास्त. ८ पेरू आहेत, १३ लागणार आहेत, किती कमी पडतात. पोराला पहिली गोष्ट येते कारण त्यात काहीतरी जातं. दुसऱ्या गोष्टीत कोणी काही खात नाही, कोणी काही नेत नाही, मग वजा कशातून करायचं? हा त्याचा प्रश्न रास्त आहे. तिसऱ्यात तर आणखी पेरू आणायचेत, म्हणजे त्याच्या मते बेरीजच.

भागाकाराचंही तेच. १२ लाडू ४ डब्यांत सारखे भरले तर एका डब्यात किती, ही वाटणी. १२ लाडू आहेत, एका डब्यात ४ मावतात, डबे किती लागतील, हे गट पाडणं. दोन्हीचं उत्तर ३ येतं म्हणून आपण एकच समजतो. घरी खरे लाडू घेऊन करून बघा, हात वेगळे चालतात. पहिल्यात एकेक लाडू फिरवत वाटावा लागतो, दुसऱ्यात चार-चार उचलायचे.

शाळेची वेळ झाली, उरलेलं रात्री.

---

कडक_इस्त्री (मंगळवार, सकाळी ९:१५)

पट्ट्या काय, लाडू काय. आमच्या वेळी चौथीच्या स्कॉलरशिपला रोज पंचवीस उदाहरणं सोडवून घ्यायचे, नाही आलं की छडी. सगळ्यांना यायची. आजकालच्या पालकांना सगळ्यात मानसशास्त्र दिसतं. रोज वीस उदाहरणं द्या, महिन्याभरात येईल. आणि पाढे पाठ आहेत का ते आधी विचारा. मी पैजेवर सांगतो, नसणार.

---

पेरूची_फोड (मंगळवार, सकाळी ९:३१)

@कडक_इस्त्री सगळ्यांना यायची की ज्यांना यायची नाहीत ते नंतर शाळेतच यायचे बंद झाले? माझा मामेभाऊ त्याच छडीला घाबरून पाचवीत शाळा सोडून गॅरेजला लागला. आज तो इंजिनच्या सीसीचा हिशेब तोंडी करतो.

---

उधारी_बंद (मंगळवार, दुपारी २:१०)

राजेहो, मी काही शिकलेला माणूस नाही, अमरावतीकडे किराणा दुकान आहे माझं. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा वाचतो इथलं.

माझा भाचा दहा वर्षांचा, सुटीत दुकानात बसते. बिल झालं ३८ रुपये, समोरच्यानं १०० ची नोट दिली, तर पोरगं नोट हातात घेऊन बोलत जाते, "अडतीसचे दोन चाळीस, दहा पन्नास, आन् हे पन्नास शंभर" आणि बरोबर ६२ हातावर ठेवते. वजाबाकी करतच नाही तो, वर चढत जाते. एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, मी स्वतः गल्ला मोजतो रात्री.

त्याच्याच वहीत १०० - ३८ दिलं होतं बाईनं. उत्तर ७८! आठातून शून्य गेले आठ, दहातून तीन गेले सात. मी म्हटलं काबे, दुकानात तर बरोबर करतं. तर म्हणे मामा ते पैसे आहेत, हे गणित आहे.

मले अजून त्याचं उत्तर सुचलं नाही.

---

अर्धा_कप (मंगळवार, संध्याकाळी ७:४८)

@उधारी_बंद दादा, तुमचा भाचा एकटा नाही. मी शिक्षण या विषयावर काम करते, म्हणून थोडं फुकटचं ज्ञान पाजळते, कंटाळा आला तर पुढे जा.

ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, मक्याची कणसं विकणाऱ्या पोरांवर एक अभ्यास झाला होता, १९८५ साली छापून आला. अभ्यासवाले आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि विकत घेता घेता हिशेब विचारले. पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग तीच आकडेमोड कागदावर दिली. गोष्टीत घालून दिली तेव्हा ७४ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसती उभी मांडणी दिली तेव्हा ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ ला एक असे दहा नारळ केवढ्याला विचारलं, तर तो तीन-तीनचे गठ्ठे करत गेला, १०५, २१०, ३१५, आणि एक, ३५०. दहाने गुणताना शून्य वाढवायचं हे शाळेत शिकलेलं त्याने वापरलंच नाही. भाच्याच्या "दोन चाळीस, दहा पन्नास" सारखंच की!

आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर असाच मोठा अभ्यास झालाय, २०२५ मध्ये 'नेचर' मासिकात आला. त्यात उलटी बाजू पण होती, म्हणजे बाजारातली मुलं शाळेच्या मांडणीत अडकतात तशी शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात अडकतात. दोन्हीकडे पूल नाही.

गंमत बघा, रेसिफेच्या पोरांना गोष्टीतली गणितं नुसत्या गणितांपेक्षा जास्त येत होती. सायीचं_दही यांच्या मुलाचं बरोब्बर उलट आहे. माझ्या मते त्याला गोष्ट ही गोष्ट वाटतच नाही. त्याला ते आकड्यांवरचं प्लास्टिकचं कव्हर वाटतं, काढून फेकायचं.

खात्री करायची असेल तर त्याला हे विचारा. "एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर कप्तानाचं वय किती?" फ्रान्समध्ये ग्रनोबलला १९८० च्या आसपास लहान मुलांना हे विचारलं होतं, ९७ पैकी ७६ मुलांनी आकडा लिहून दिला. आधी काही सांगू नका हं, सरळ चेहऱ्याने विचारा.

---

सायीचं_दही (मंगळवार, रात्री ९:३०)

विचारलं.

"छत्तीस." एक सेकंद पण घेतला नाही हो. वर विचारतो, "पुढे इयर्स लिहू का?"

सासूबाई हसून हसून खोकल्या. मी म्हटलं अरे मेंढ्यांवरून माणसाचं वय कसं कळेल? तर तो म्हणाला, "मला पण तेच वाटलं, पण दिलंय म्हणजे येत असेल ना." मला हसावं का रडावं कळेना. म्हणजे त्याला शंका आली होती! पण उदाहरणात शंका घ्यायची नसते असं कुठेतरी शिकलाय.

---

पेरूची_फोड (मंगळवार, रात्री ९:५२)

माझी म्हणाली सोळा. का, तर छत्तीसच्या माणसाला बोट चालवायचा कंटाळा येईल. आणि मग स्वतःच, "पण सोळाव्या वर्षी लायसन मिळत नाही". ही वकील होणार.

---

मर्लायनच्या_गावात (बुधवार, सकाळी ७:०५)

सिंगापूरहून. फळा_खडू सरांनी पट्ट्या काढल्या ते बघून राहवलं नाही, इथे अख्खी प्राथमिक शाळा त्यावरच चालते. मॉडेल मेथड म्हणतात, १९८० च्या दशकात इथल्या शिक्षण खात्याने आणली, कारण तेव्हा इथलीच मुलं शाब्दिक उदाहरणात गटांगळ्या खात होती. आधी खऱ्या वस्तू, मग चित्र, मग चिन्हं, असा क्रम. माझी मुलगी इथे पाचवीत आहे, ती 'क्ष' न मानता पट्ट्यांवर अशी उदाहरणं सोडवते की मला कागदावर 'क्ष' लिहूनच पडताळावं लागतं.

एक नमुना. २०२१ च्या इथल्या सहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत आलेलं आणि सोशल मीडियावर पालकांनी रडून गोंधळ घातलेलं. हेलन आणि आयव्हनकडे सारखीच नाणी आहेत. हेलनकडे काही ५० सेंटची आणि ६४ नाणी २० सेंटची. आयव्हनकडे काही ५० सेंटची आणि १०४ नाणी २० सेंटची. हेलनच्या नाण्यांचं वजन १.१३४ किलो. पहिला प्रश्न, कोणाकडे पैसे जास्त आणि कितीने?

मी वजन घेऊन अर्धा तास घोळ घातला. मुलगी म्हणाली बाबा वजन या प्रश्नाला लागतच नाही, ते पुढच्या प्रश्नासाठी आहे. आयव्हनकडे २० ची ४० नाणी जास्त, एकूण नाणी सारखी, म्हणजे हेलनकडे ५० ची ४० जास्त. प्रत्येक नाण्यामागे ३० सेंटचा फरक, ४० गुणिले ३०, बारा डॉलर. संपलं.

पण इथलं सगळं छान आहे असं समजू नका. पट्ट्या काढायच्या क्लासला पण इथे क्लास लागतात.

---

कडक_इस्त्री (बुधवार, सकाळी १०:२०)

सिंगापूरला वर्गात पोरं किती? आमच्याकडे साठ. तुलना सांभाळून करा. आणि पाढ्यांच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

---

फळा_खडू (बुधवार, रात्री ८:४०)

@कडक_इस्त्री मी देतो. पाढे लागतात. सात आठे किती हे आठवायलाच ज्याला अर्धा मिनिट लागतं, तो तोवर गोष्ट विसरतो, परत वाचायला जातो आणि मग सात आठे विसरतो. इथे तुमचं बरोबर आहे. आणि मुळात आकडेमोडच कच्ची असलेली पोरं खूप आहेत, 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी उसन्याची वजाबाकी जमणारी साधारण ३४ टक्केच निघाली. पण ताईंच्या मुलाला आकडेमोड येते, त्याला वीस उदाहरणं दिली तर तो वीस वेळा फ्रिजकडे बघेल. दिवसाला दोन द्या, पण त्यावर पंधरा मिनिटं गप्पा मारा.

काल राहिलेलं. एक खेळ आमच्या वर्गात फार चालतो. मी गोष्ट सांगतो आणि प्रश्न सांगतच नाही. "दुकानात २४ वह्या होत्या. एका वहीची किंमत २० रुपये. ९ वह्या विकल्या गेल्या." बास. आता प्रश्न तुम्ही काढा. पहिला येतो, किती उरल्या (१५). मग, किती पैसे मिळाले (१८०). मग एखादा खोलातला, राहिलेला माल किती रुपयांचा (३००). यात दोन पायऱ्या आहेत हे त्या पोराच्या गावीही नसतं, त्याने स्वतःच काढलेला प्रश्न असतो. पुस्तकात दोन पायऱ्यांचं उदाहरण आलं की पोरं गडबडतात कारण मधला प्रश्न कोणी छापलेला नसतो. तो काढायची सवय अशी लागते.

आणि मोठ्याने वाचून घ्या. अडखळत वाचणारं पोर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं, आपण म्हणतो गणित कच्चं. मग त्याला पुस्तक मिटून ती गोष्ट आपल्या शब्दात सांगायला लावा. सांगता आली तर निम्मं काम झालं.

---

सायीचं_दही (बुधवार, रात्री १०:१५)

मोठ्याने वाचायचं केलं. आमचा वाचतो फाडफाड, पण इंग्लिश त्याला अर्धवटच कळतं हे आज दिसलं. "हाऊ मेनी मोअर डझ रवी हॅव दॅन सीता" याचं उत्तर तो देतो, "रवी". म्हणजे कोणाकडे जास्त हेच त्याने ऐकलं. मराठीत "रवीकडे सीतापेक्षा किती जास्त" म्हटल्यावर पण जरा थांबला.

---

अर्धा_कप (बुधवार, रात्री १०:४०)

हे फार लोकांना अडतं, भाषा कुठलीही असो. प्रश्न बदलून बघा. ५ पक्षी आहेत, ३ अळ्या आहेत. "पक्षी अळ्यांपेक्षा कितीने जास्त?" यावर लहान मुलं गोंधळतात. "प्रत्येक पक्षी एकेक अळी खायला गेला, तर किती पक्षी उपाशी राहतील?" यावर पटकन दोन म्हणतात. १९८३ सालचा प्रयोग आहे हा. गणित तेच, फक्त दुसऱ्यात जोड्या लावायची सोय वाक्यातच आहे. रवी-सीतासाठी पण तसं करा, दोघांनी एकेक गोटी समोरासमोर ठेवली, रवीच्या किती एकट्या राहिल्या?

मराठी माध्यमाच्या मुलांना वेगळे शब्द टोचतात. 'पैकी', 'प्रत्येकी', 'उर्वरित'. घरात कोणी म्हणतं का "उर्वरित भाजी फ्रिजमध्ये ठेव"? मी तर 'पैकी' हा एकच शब्द एका मुलाला कोशिंबिरीच्या काकड्या घेऊन दोन दिवस समजावला होता.

---

गोखले_गल्लीतला (गुरुवार, सकाळी ८:००)

आता कोणीतरी म्हणेल एकोणपन्नास अवघड आहे म्हणून 'चाळीस नऊ' म्हणा. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ते केलंच होतं. भाषेचा खून.

---

पेरूची_फोड (गुरुवार, सकाळी ८:२२)

खून वगैरे काही नाही. सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतो म्हणून पोरं ७२ लिहितात, हे पहिली-दुसरीच्या कुठल्याही बाईंना विचारा. पुस्तकात दोन्ही दिलं होतं, वीस सात आणि सत्तावीस. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्या काय मराठीच्या शत्रू होत्या? विधानसभेपर्यंत विनोद झाले त्यावर.

---

गोखले_गल्लीतला (गुरुवार, सकाळी ८:३०)

आमच्या आजीला निमकी-पावकी पाठ होती आणि

---

फळा_खडू (गुरुवार, सकाळी ८:३४)

मंडळी, त्यावर वेगळा धागा काढा, हात जोडतो. इथे एक पोरगं २१ रिबिनी घेऊन बसलंय.

---

निवृत्त_आजोबा (गुरुवार, संध्याकाळी ५:१०)

नमस्कार. मोबाईलवर टायपिंग जमत नाही, नातीकडून लिहून घेतोय, चूकभूल द्यावी. (ती हसतेय.)

शाब्दिक उदाहरणाला एवढं घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे ती श्लोकात असायची. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. त्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, मी दोनदा पाहून आलो. लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण नातीला घातलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्शांच्या फरकाच्या तिप्पट कुटजाच्या फुलावर, आणि एक भुंगा केवडा आणि मालतीच्या वासाने वेडा होऊन मधल्या मध्ये घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती?

नात सहावीत आहे. तिने वर मास्तरांनी दाखवली तशी पट्टी काढली, पंधरा घरांची. पाचवा हिस्सा ३ घरं, तिसरा ५, फरक २ ची तिप्पट ६. झाली चौदा. उरलं एक घर, त्यात तो वेडा भुंगा. म्हणून १५.

तिने नंतर विचारलं, त्या एकाला शेवटी कुठलं फूल मिळालं. मी म्हटलं ते भास्कराचार्यांनी लिहिलेलं नाही. पण बघा, ट्यूशनच्या उदाहरणातल्या रमेशच्या गोट्यांचं पुढे काय झालं असं कधी कोणी विचारतं का?

---

सायीचं_दही (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००)

सगळ्यांचे आभार, काय काय केलं ते सांगते.

तक्ता काढला. त्याने स्वतः काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आता मार्करने पट्ट्या काढतो, लॅमिनेशनमुळे पुसता येतं. चाळीस रुपये वसूल.

आकडे झाकायचं फार चाललं. मी उदाहरणातल्या आकड्यांवर टिकल्या चिकटवते (सासूबाईंच्या), तो आधी गोष्ट सांगतो, मग "मोठं येणार" किंवा "लहान येणार" म्हणतो, मग एकेक टिकली काढतो. पहिले चार-पाच दिवस टिकली न काढता "पण प्लस का मायनस सांग ना" चालू होतं. मी तेव्हा पाठ करून कणीक मळायला घेतली, म्हणजे चेहरा दिसू नये. हा उपाय मास्तरांनी सांगितला नव्हता, माझा आहे.

एक प्रसंग. शाळेच्या सहलीवर त्याच्यासाठी मीच बनवलेलं, ५० मुलं, एका रिक्षात ३ बसतात, रिक्षा किती? त्याने ५० भागिले ३ बरोबर केलं आणि लिहिलं १६, बाकी २. मी गप्प. सासूबाई म्हणाल्या, "आणि ती दोन पोरं काय चालत जाणार?" तो पाच सेकंद वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे हो, बाकी म्हणजे माणसं आहेत." १७ लिहिलं. आणि मग पुढे, "पण रिक्षावाले काका चार पण बसवतात". त्यावर नवीन गणित झालं, १३ रिक्षा, शेवटच्या रिक्षात दोघंच, तिथे बसायला मिळावं म्हणून भांडण.

जे जमत नाहीये ते पण सांगते. दोन पायऱ्यांची अजून अर्धी चुकतात. आणि घटक चाचणीत त्याने पट्ट्या काढून उत्तर बरोबर लिहिलं तर अर्धा मार्क कापला, शेरा असा की "मेथड नॉट ॲज टॉट". मी जाऊन बोलून आले. वर्गाच्या बाई म्हणाल्या पेपर तपासायला सोपं जातं हो एकसारखं असलं की. त्यांच्याकडेही बावन्न पेपर होते समोर, मी काय बोलणार. आता तो पट्ट्या कच्च्या कामाच्या रकान्यात काढतो.

---

अर्धा_कप (रविवार, संध्याकाळी ६:१२)

रिक्षावाली गोष्ट वाचून फार आनंद झाला. अमेरिकेत १९८० च्या दशकात तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत असंच एक उदाहरण होतं, ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती? भागाकार बहुतेकांनी बरोबर केला, पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं "३१, बाकी १२". बरोबर ३२ लिहिणारी २३ टक्केच. तुमचा तिसरीतला पुढे आहे, आजी पण.

---

उधारी_बंद (रविवार, रात्री ९:००)

भाच्याले म्हटलं १०० - ३८ वाचताना नुसतं वाच, "शंभरची नोट, अडतीसचं बिल". हसला, आणि ६२ लिहिलं. आता ४०५ - १६७ ले पण नोटा मोजते. बाईले चालते का माहीत नाही, मले चालते.

---

कडक_इस्त्री (रविवार, रात्री ९:४०)

टिकल्यांची कल्पना बरी आहे. नातवावर करून बघतो. पाढे चालूच ठेवणार.

---

सायीचं_दही (दिवाळीआधीचा शनिवार, रात्री १०:०५)

शेवटचं टाकते. फळा_खडू सर, तुमच्या खेळावरून आता तोच आम्हाला उदाहरणं घालतो. आजचं हे, त्याच्याच शब्दांत -

"आजीने ४० करंज्या केल्या. डब्यात आता २७ आहेत. बाबा म्हणतात मी फक्त ५ खाल्ल्या. मी एक पण नाही खाल्ली कारण मला खोकला आहे. आजी उपासाची आहे. तर बाकीच्या कोणी खाल्ल्या आणि किती?"

---

कडक_इस्त्री (शनिवार, रात्री १०:२०)

४० वजा २७ = १३ गेल्या. १३ वजा ५ = ८. दोन पायऱ्या, शाब्बास. कोणी खाल्ल्या ते घरात चौथं माणूस कोण यावर.

---

सायीचं_दही (शनिवार, रात्री १०:२६)

६ हो. दोन शेजारच्या काकूंना दिल्या, ते त्याला माहीत नाही.

---

पेरूची_फोड (शनिवार, रात्री १०:२७)

सांगू नका त्याला, उदाहरण तीन पायऱ्यांचं होईल.